जुन्या सोसायटीत गच्ची गळते, पाइप सडलेत, फंड जवळजवळ रिकामा: दुरुस्तीचा पैसा कसा उभारायचा?

आधी वर्गणी नको, आधी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची अभियंत्याकडून तपासणी. आकड्याशिवाय सभा बोलावली की नुसता गोंधळ होतो. (इमारत 30 वर्षांपुढची असेल तर आदर्श उपविधींनुसार, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीनुसार, ऑडिट दर 3 वर्षांनी करावंच लागतं.)

मग विशेष सर्वसाधारण सभेत ठराव करा. सिंकिंग फंड (दरवर्षी थोडा थोडा साठवलेला राखीव निधी) मोठ्या दुरुस्तीला वापरता येतो, पण सभेची मंजुरी हवी. उरलेली रक्कम फ्लॅटच्या क्षेत्रफळावर वाटा. समजा खर्च 24 लाख, फंडात 6 लाख आणि एकूण क्षेत्रफळ 24,000 चौरस फूट आहे. म्हणजे फुटाला 75 रुपये. 600 फुटांच्या फ्लॅटला 45,000. हेच 15 हप्त्यांत 3,000 झाले की पेन्शनवरची मंडळीही भरू शकतात. त्यांचा विचार व्हायलाच हवा.

थकबाकीदारांना सोडू नका. थकबाकीवर नियमांतल्या मर्यादेपर्यंत सरळ व्याज लावता येतं, आणि महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 154ब-29 खाली सहकारी संस्थांच्या निबंधकांकडून वसुली दाखला (थकबाकी सक्तीनं वसूल करण्याचा आदेश) मिळतो. मागणीची बिलं, नोटिसा आणि खातेउतारा नीट नसेल तर प्रकरण तिथेच अडकतं.

पैसे टप्प्यानं येणार असतील तर आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग आणि गळके पाइप, मग प्लास्टर, रंग सगळ्यात शेवटी. ओल चालू असताना प्लास्टर केलं तर आतली सळई गंजून फुगते आणि नवं प्लास्टरही सुटतं. ठेकेदाराला मोजमापानुसारच बिल द्या, 5 ते 10 टक्के रक्कम एक पावसाळा राखून ठेवा.

यापुढे दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान 0.25 टक्के सिंकिंग आणि 0.75 टक्के दुरुस्ती फंडात घ्या.