3-4-5 च्या काटकोन त्रिकोणाचे कोन 30-60-90 का येत नाहीत?

तुम्ही 3, 4 आणि 5 सेमी बाजूंचा काटकोन त्रिकोण काढलात, कोनमापक लावलात आणि लहान कोन 30 ऐवजी 37 च्या आसपास आला. चुकलं कुठे, असं विचारलंय. कुठेच चुकलेलं नाही, उलट तुम्ही फार नीट मोजलंय. तो कोन 36.87 अंशांचाच असतो आणि दुसरा 53.13 चा.

मोठ्या कोनासमोर मोठी बाजू, हे आपण शाळेत शिकतो आणि ते खरंच आहे. पण त्यावरून कोन दुप्पट झाला की समोरची बाजूही दुप्पट, असं मनात बसतं. शिकवणीला येणाऱ्या दहावीच्या मुलांना मी हे काड्या घेऊन करून बघायला सांगतो. कोन 30, 60, 90 म्हणजे बाजू 1, 2, 3 हव्यात ना? मग लावा. 1 आणि 2 मिळून बरोबर 3 होतात, त्यामुळे दोन्ही काड्या तिसरीवर सपाट पडतात. त्रिकोण उभाच राहत नाही!

खरा 30-60-90 तुमच्या कंपासपेटीत आहे, तो लांबट गुण्या. तसे दोन गुण्ये पाठीला पाठ लावून ठेवले की समभुज त्रिकोण होतो. त्याचा पाया म्हणजे दोन्ही गुण्यांच्या लहान बाजू मिळून, आणि उरलेल्या दोन बाजू म्हणजे कर्ण. म्हणून लहान बाजू कर्णाच्या बरोबर निम्मी. पायथागोरसच्या प्रमेयाने तिसरी काढली की प्रमाण येतं 1 : 1.73 : 2. म्हणजे कोन 30 चा 60 झाला, तरी समोरची बाजू 1.73 पटच झाली. तुमच्या त्रिकोणात लहान बाजू कर्णाच्या 0.6 आहे, निम्म्याहून जास्त. मग तिच्या समोरचा कोन 30 हून मोठा येणारच.

बाजू आणि कोन एका चालीने का वाढत नाहीत, हे डोळ्यांनी बघायचं असेल तर कर्ण 10 सेमी ठेवा आणि कोन दहा-दहा अंशांनी वाढवत समोरची बाजू मोजा. 10 अंशांना ती 1.74 सेमी येते, 20 ला 3.42, 30 ला 5. पुढे 80 ला 9.85 आणि 90 ला (तिथे त्रिकोण संपतो) 10. पहिल्या दहा अंशांत पावणेदोन सेमी, शेवटच्या दहात जेमतेम दीड मिलिमीटर. भिंतीला टेकलेली शिडी उभी करत नेली की तिचं टोक आधी भराभर वर चढतं आणि शेवटी जवळजवळ थांबतं, तसंच हे.

आर्यभटाने 499 च्या सुमारास नेमकं हेच आकड्यांत मांडलं. काटकोनाचे त्याने 24 भाग केले, प्रत्येक पावणेचार अंशांचा, आणि कर्ण 3438 धरून समोरची बाजू, म्हणजे ज्या, दर टप्प्याला किती वाढते ते दिलं. पहिली वाढ 225, शेवटची अवघी 7. पहिल्या आठ वाढींची बेरीज करून बघा, 30 अंशांना 1719 येतात, 3438 च्या बरोबर निम्मे. हा मेळ जमला की मला दरवेळी तितकाच आनंद होतो.

लांबीचा इथे संबंध नाही, फक्त गुणोत्तराचा आहे. गवंडी चौथरा आखताना 3, 4, 5 फूट घेवोत की तुम्ही वहीत 6, 8, 10 सेमी, कोन तेच. फोनच्या कॅल्क्युलेटरवर 0.6 चा व्यस्त साइन (sin⁻¹, म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण या गुणोत्तरावरून कोन देणारं बटण) काढा. उत्तर 0.64 दिसलं तर कॅल्क्युलेटर रेडियनवर (कोन मोजायचं दुसरं एकक) आहे, अंशांवर आणा.

आता 5-12-13 चा त्रिकोण काढा, पण मोजण्याआधी अंदाज बांधा. 5 भागिले 13 म्हणजे 0.385, निम्म्याहून कमी, म्हणून लहान कोन 30 च्या आत हवा. येतो 22.62.