वही उघडायची

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

परवा तू तासभर बसलास आणि खरं काय ते जाताना दारात, चप्पल घालता घालता बोललास. "बाई, पाच महिने प्रबंधाची फाइलच उघडलेली नाही. मला हा विषय मुळात आवडत होता की नाही, तेच कळेनासं झालंय." तेव्हा मला काही सुचलं नाही. दोन रात्री ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

तू हुशार आहेस, जमेल तुला, वगैरे लिहीत बसणार नाही. ते तुला ठाऊक आहे, आणि त्याने फाइल उघडली जात नाही हेही.

आवड खरी की खोटी, हा प्रश्न आत्ता विचारूच नकोस. पाच महिने बंद पडलेल्या कामाबद्दल कुणाला प्रेम वाटतं? धास्ती वाटते. नुसतं नाव दिसलं तरी पोटात गोळा येतो, आणि त्या गोळ्यालाच आपण 'आवड उरली नाही' म्हणतो. मीही म्हटलं होतं.

सत्ताविसाव्या वर्षी मी एका जुन्या व्याकरणग्रंथाचं सटीप भाषांतर हाती घेतलं. चार वर्षांत २१२ पानं झाली. मग एका प्रकरणात अडले, आणि 'मन लागेल तेव्हा बसू' म्हणून वह्या कपाटात ठेवल्या. मन लागायला नऊ वर्षं लागली. वह्या काढल्या तेव्हा २१०व्या पानाच्या समासात माझ्याच अक्षरात होतं : 'इथे तो अर्थ नाही, पान ८८ पाहा.' पान ८८ काढलं. तिथे पेन्सिलीने केलेलं एक प्रश्नचिन्ह, बाकी काही नाही. 'तो अर्थ' म्हणजे कुठला? एकतिसाव्या वर्षी मला ते इतकं उघड होतं की लिहून ठेवायची गरजच वाटली नव्हती. चाळिसाव्या वर्षी मी त्या प्रश्नचिन्हाकडे नुसती बघत बसले. जिथे सोडलं होतं तिथवर परत यायलाच सात महिने गेले, आणि तो अर्थ आजतागायत सापडलेला नाही. छापील पुस्तकात त्या जागी एक मोघम टीप आहे. वाचणाऱ्याच्या लक्षात येत नाही. मला दर वेळी दिसते.

उत्साह गेला याचं मला दुःख नाही रे, तो जातोच. धागा गेला याचं आहे. म्हणून सांगते, वही उघडायची. लिहावंसं वाटत नसेल तर लिहू नकोस. शेवटची ओळ कुठली लिहिली होती तेवढी वाच, पुढे काय करायचं ते पूर्ण वाक्यात टिपून ठेव (खुणा नकोत, खुणांनी माझा घात केला) आणि ऊठ. दहा मिनिटं पुरेत. पण वही उघडायची.

पांडुरंग वामन काण्यांचं काम तुला माहीत आहे. 'व्यवहारमयूख' या जुन्या संस्कृत कायदेग्रंथाचं संपादन करताना धर्मशास्त्रातल्या वाङ्मयाचा आढावा घ्यावा, इथून सुरुवात झाली. त्यांच्या 'धर्मशास्त्राच्या इतिहासा'चा पहिला खंड आला १९३० साली, पाचवा पुरा झाला १९६२मध्ये, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. साडेसहा हजारांवर पानं. सगळे त्यांची विद्वत्ता सांगतात, मला मधली बत्तीस वर्षं दिसतात. इतक्या वर्षांत कंटाळ्याचे दिवस आले नसतील? आलेच असणार.

आणि एखादा दिवस चुकला तर जीव काढू नकोस. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा ९६ जणांवरचा अभ्यास २०१०मध्ये छापून आला. पाणी पिणं, फळ खाणं, धावणं अशा साध्या सवयी अंगवळणी पडायला किती दिवस लागतात ते त्यांनी पाहिलं. कुणाला १८ दिवस, कुणाला २५४, मधला आकडा ६६. मधे एखादा दिवस चुकला म्हणून घडणाऱ्या सवयीचं फारसं बिघडलं नाही. प्रबंध म्हणजे पाणी पिणं नव्हे, कबूल. पण एक दिवस चुकला की आपण तोंड लपवतो, आणि त्या लपवण्यातच पाच महिने जातात. एक दिवस माफ. दुसऱ्या दिवशी वही उघडायची.

माझ्या या हट्टाबद्दल घरात अजून बोलतात. वडील इस्पितळात होते तेव्हा बाहेरच्या बाकावर मी वही उघडायचे, आणि भावाने ते मला कधी माफ केलं नाही. रात्री त्यांच्या उशाशी मीच असायचे, औषधांच्या वेळा मीच सांभाळल्या. त्यातली दहा मिनिटं माझी होती. ती मी कुणाची चोरली नाहीत. नऊ वर्षं एकदा घालवली होती, पुन्हा घालवणार नव्हते. आजही तसंच करीन. असो, हे तुला सांगायचं नव्हतं.

परवा तू विचारलंस, आधी महिनाभर वाचन करून मग लिखाणाला बसू का? नको! ती पळवाट आहे आणि तुलाही ती कळते. नवं वेळापत्रक नको, नवी वही नको. जुनीच उघड.

आज रात्री तिसऱ्या प्रकरणाचं शेवटचं पान काढ आणि त्यावरचं शेवटचं वाक्य मला लिहून पाठव. अर्धवट असेल तर अर्धवट पाठव. सोबत खुलासा, माफी काही नको. मी जागी आहे.

तुझ्या,
बाई