मूल नाही, तरी औलानीला जावं का?

प्रश्न : ताई, आम्ही कॅलिफोर्नियात सॅन होजेला राहतो. मी 43, नवरा 46. मुलं नाहीत, आणि त्याचं वाईट वाटून घेणं कधीच संपलं. 12 डिसेंबरला लग्नाला 15 वर्षं होतील. ह्यांच्या डोक्यात हवाईतलं औलानी, ओआहू बेटावरचं डिस्नेचं हॉटेल, पक्कं बसलंय. मैत्रिणी म्हणतात, तिथे नुसता पोरांचा कल्ला, तुम्ही दोघं काय करणार? खर्चही दणदणीत आहे. जावं का?
– एक वाचक, सॅन होजे

उत्तर : जा की! तारीखसुद्धा झकास निवडलीत. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाची गर्दी ओसरलेली असते आणि शाळांना नाताळची सुट्टी लागायची असते. हेच 22 डिसेंबरला विचारलं असतंत, तर मी मैत्रिणींच्या बाजूने बोलले असते.

आम्हालाही मूल नाही. भाचीकडे तुमच्याजवळच्या फ्रीमाँटला आलो होतो, तिथून गेलो. पोरं होती, भरपूर होती. पण त्यांचं वेळापत्रक कळलं की झालं. डिसेंबरात हवाईचं घड्याळ तुमच्यापेक्षा दोन तास मागे असतं, त्यामुळे पहाटे पाचलाच टक्क जाग येते. चिडू नका, उठा. औलानी जिथे आहे त्या को ओलिनाला माणसांनी बांधलेली चार लगून, म्हणजे समुद्राच्या पाण्याची शांत तळी, आहेत आणि काठाकाठाने चालायची वाट आहे. उजाडताना तिथे आम्ही दोघं, एक पळणारा म्हातारा आणि वाळू सारखी करणारा माणूस, बस. किनारा पश्चिमेचा, म्हणजे सूर्यास्त समुद्रावर. तो पाहून होईतो पोरं पेंगायला लागतात आणि पुढची रात्र तुमची. बेटाची ही बाजू कोरडी, त्यामुळे हिवाळ्यातही पाऊस बेताचाच.

तिथे ओलेलो रूम नावाचा बार आहे. ओलेलो म्हणजे भाषा. भिंतींवर लाकडात कोरलेल्या वस्तू आणि प्रत्येकीखाली तिचं हवाईयन नाव. पेला येईपर्यंत आम्ही अंकलिपी वाचल्यासारखे मोठ्याने वाचत बसलो होतो. मासा, चंद्र, होडी. आमच्या ह्यांचे उच्चार ऐकून पेले आणून देणारी मुलगी हसली आणि तिने सगळे शब्द पुन्हा म्हणवून घेतले.

आता तुम्ही न विचारलेलं. ‘लोक काय म्हणतील’ ही धाकधूक असेल तर सांगते, हवाईत वयाने मोठी कुठलीही बाई आंटी आणि पुरुष अंकल. नातं असो नसो, मूल असो नसो. आपल्याकडे भाजीवालीला मावशी म्हणतात तसंच. पोरांना सांभाळतात त्या जागेचं नावच मुळी ‘आंटीज बीच हाउस’. हॉटेलात लेझी रिव्हर आहे, म्हणजे ट्यूबवर तरंगत फिरायचा संथ पाण्याचा कालवा. तिथे मी ट्यूबवर पसरले होते, तर पाचसहा वर्षांच्या एका पोरीने माझी ट्यूब धरली आणि पूर्ण एक फेरी सोडलीच नाही. तिला तिचा पडलेला दात दाखवायचा होता. आई मागून ‘सॉरी’ म्हणत होती. मी म्हटलं, असू दे. मुलं कुठायत, असं तिथे एकदाच कुणी विचारलं, आणि ते लिफ्टमधलं आपलंच एक मराठी कुटुंब होतं. हे म्हणाले, “हा काय, मी आहे ना,” आणि खरंच फुलाफुलांच्या शर्टातल्या मिकीशेजारी फोटो काढायला रांगेत जाऊन उभे राहिले. वय 54.

थोडं कामाचं. खोली वरच्या मजल्यावरची आणि पोहण्याच्या तलावापासून लांबची मागा. होनोलुलूच्या विमानतळावरून एच-वन रस्त्याने अर्धा तास पुरतो, पण दुपारी तीननंतर निघालात तर दुप्पट धरा, सगळं शहर त्याच बाजूला घरी निघतं. सनस्क्रीन झिंकचं घ्या. प्रवाळाला मारक म्हणून ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या क्रीमची विक्री हवाईने 2021 पासून बंद केली आहे. कासव दिसलं तर दहा फूट लांब राहा.

लेझी रिव्हरमध्ये मात्र एकमेकांची ट्यूब धरून ठेवा. आमचे हे पहिल्याच वळणाला पुढे निघून गेले, ते पाऊण तासाने बर्फाचा गोळा खाताना सापडले.