एन्क्रिप्शनवालं ॲप परदेशात द्यायचंय? आधी एवढं बघा

घाबरू नका. ईमेल एन्क्रिप्ट करणारं, म्हणजे किल्लीशिवाय वाचता येऊ नये असं करणारं, पीजीपी हे सॉफ्टवेअर 1991 मध्ये बाहेर आलं आणि ते लिहिणाऱ्या फिल झिमरमन यांच्यामागे अमेरिकेत निर्यातीच्या कायद्यावरून तीनेक वर्षं चौकशीचा ससेमिरा लागला, तो काळ गेला. सुरुवातीला एवढंच पाहा:

- ‘मी पुण्यात बसून कोड लिहितोय, अमेरिकेच्या कायद्याशी माझा काय संबंध?’ ही नेहमीची चूक. ॲप स्टोअरचे सर्व्हर अमेरिकेत, तिथून ॲप बाहेर गेलं की ती तिथली निर्यात. म्हणून तर ॲपल अपलोडच्या वेळी एन्क्रिप्शनबद्दल विचारतं. न वाचता ‘नाही’ ठोकू नका. नुसतं एचटीटीपीएस (वेबसाइटशी होणारं सुरक्षित कनेक्शन) असलं तरी ते एन्क्रिप्शनच, फक्त त्याला बहुधा सूट मिळते.
- एन्क्रिप्शनसाठी स्वतःचा अल्गोरिदम (गणिती पद्धत) रचू नका. एक तर तो कच्चा निघतो. शिवाय प्रमाणित क्रिप्टोग्राफीच्या खुल्या सोर्सकोडसाठी अमेरिकी सरकारला ईमेल करण्याची अट 2021 मध्ये उठली. घरगुती अल्गोरिदमला ती अजून आहे.
- आपल्या डीजीएफटीची (परकीय व्यापार महासंचालनालयाची) स्कोमेट यादीही, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तू-तंत्रज्ञानाची यादी, चाळा. फुकट दिलं म्हणजे निर्यात नाही, असं नसतं.

इराण, क्यूबा किंवा उत्तर कोरियातून मागणी आली, तर मात्र आधी वकील गाठा. वर्गीकरणाचे क्रमांक, वार्षिक अहवाल वगैरेंत इतक्यात शिरू नका. ॲप तयार झालं की विचारा, सांगतो.