एकच कीबोर्ड, माऊस आणि मॉनिटर तीन कॉम्प्युटरना कसा वापरता येईल?

ऑफिसचा लॅपटॉप, घरचा पीसी आणि टॅलीसाठी ठेवलेला जुना पीसी, टेबल मात्र एकच. अशात केव्हीएम स्विच, म्हणजे एकाच बटणाने कीबोर्ड, माऊस आणि मॉनिटर तिन्ही दुसऱ्या कॉम्प्युटरकडे वळवणारा डबा, घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: लगेच घेऊ नका. आधी मॉनिटर फिरवून त्याच्या मागे कोणकोणते पोर्ट आहेत ते बघा.

नाशिकमध्ये अंबडला आमच्या वर्कशॉपच्या ऑफिसात ड्रॉइंगचा पीसी, बिलिंगचा पीसी आणि माझा लॅपटॉप एकाच टेबलावर चालतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय. कीबोर्ड-माऊस वाटून घेणं सोपं असतं, खरी अडचण स्क्रीनवरच्या चित्राची. बटण दाबल्यावर जाणारा डेटा नगण्य असतो, पण ४के (फुल एचडीच्या चौपट बारीक) चित्र सेकंदाला ६० वेळा दाखवायचं तर एचडीएमआय २.० लागतं, म्हणजे सेकंदाला १८ गिगाबिटपर्यंतची क्षमता. स्वस्त केव्हीएमवर ठळक अक्षरांत ‘४के’ लिहिलेलं असतं आणि आत एचडीएमआय १.४ असतं. त्यावर ४के फक्त ३० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ३० वेळाच चालतं, माऊस अडखळत सरकतो आणि दिवसभर काम केलं की डोळे दुखतात. फुल एचडी मॉनिटर असेल तर ही काळजी नाही.

दुसरी गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. मॉनिटर आपलं रिझोल्यूशन वगैरे माहिती कॉम्प्युटरला कळवत असतो, तिला ईडीआयडी म्हणतात. साधा स्विच दुसऱ्या कॉम्प्युटरकडे वळला की पहिल्याला वाटतं मॉनिटर काढला. मग लॅपटॉपवर उघडलेल्या सगळ्या विंडो त्याच्या छोट्या स्क्रीनवर जाऊन बसतात आणि परत आल्यावर पुन्हा मांडाव्या लागतात. केव्हीएमच घ्यायचा असेल तर ‘ईडीआयडी इम्युलेशन’ असलेलाच घ्या, म्हणजे मॉनिटर जोडलेलाच आहे असं तो प्रत्येक कॉम्प्युटरला भासवत राहतो. तो महाग पडतो, पण त्याशिवाय घेण्यात अर्थ नाही.

म्हणून मी चित्र स्विचमधून नेतच नाही. मॉनिटरला एचडीएमआय, डिस्प्लेपोर्ट आणि व्हीजीए असे तीन इनपुट असतील तर लॅपटॉप, घरचा पीसी आणि जुना पीसी थेट तिथे जोडा, आणि कीबोर्ड-माऊससाठी फक्त यूएसबी शेअरिंग स्विच आणा, तो चित्र सोडून फक्त यूएसबीची उपकरणं एका कॉम्प्युटरकडून दुसऱ्याकडे वळवतो. चार कॉम्प्युटरचाही मिळतो. कॉम्प्युटर बदलताना दोन बटणं दाबावी लागतात: एक स्विचचं, एक मॉनिटरच्या इनपुटचं. सवय लवकर होते. डिस्प्लेपोर्टवर काही मॉनिटर इनपुट बदलला की तोच विंडो हलण्याचा त्रास देतात, तेव्हा जो कॉम्प्युटर जास्त वापरता तो एचडीएमआयवर ठेवा.

त्याच स्विचला प्रिंटर जोडता येतो, जीएसटीच्या डिजिटल सहीचं डीएससी टोकनही (पेनड्राइव्हसारखं यूएसबी उपकरण). फक्त सही किंवा प्रिंट चालू असताना स्विच दाबू नका, कारण त्या क्षणी कॉम्प्युटरच्या दृष्टीने ते उपकरण उपटलेलं असतं.

प्रत्येक कॉम्प्युटरला स्वतःची स्क्रीन असेल तर हार्डवेअरची गरजच नाही. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या सॉफ्टवेअरमधलं ‘माऊस विदाऊट बॉर्डर्स’ फुकट आहे, त्यात एकच कीबोर्ड-माऊस नेटवर्कवरून सगळ्यांना चालतो, चार विंडोज कॉम्प्युटरपर्यंत चालतं, माऊस एका स्क्रीनच्या कडेवरून थेट दुसरीवर जातो. पण तुमचा मॉनिटर एकच, त्यामुळे ते अर्धंच उपयोगी, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर आयटीवाल्यांना विचारल्याशिवाय काहीही टाकू नका. शिवाय विंडोज सुरू होण्याआधी ते चालत नाही, म्हणजे बायोसमध्ये (कॉम्प्युटर चालू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जायचं तर वेगळा कीबोर्ड हवाच. यूएसबी स्विचला सहसा ही अडचण येत नाही, त्याला सॉफ्टवेअर लागत नाही.

ब्लूटूथ कीबोर्ड यूएसबी स्विचमधून जाणार नाही, वायरचा किंवा डोंगलवाला (यूएसबीत खोचायचा छोटा रिसीव्हर असलेला) घ्या. एम. जी. रोडला खरेदीला जाल तेव्हा मॉनिटरच्या मागच्या पोर्टचा मोबाईलवर फोटो काढून न्या, आणि स्विचसोबत प्रत्येक कॉम्प्युटरसाठीची केबल डब्यात आहे का ते तिथेच उघडून बघा.