आई मुद्द्यावर येत नाही

पत्र : मी रत्नागिरीत नोकरी करते. आई विजयदुर्गजवळच्या गावी एकटी असते, वय 71. दर रविवारी तिचा फोन येतो, तासभर चालतो आणि विषय काहीच नसतो. मागच्या वेळी तिनं काय काय सांगितलं ते मी मुद्दाम लिहून काढलं. मुंग्या अंडी घेऊन भिंतीवर चढतायत, म्हणजे पाऊस जवळ आला. विहीर तळाला गेली, पंप हवा ओढतो. मासेवाली आता यायची नाही, सुक्या बांगड्यावर भागवायचं. सकाळची एसटी दोन दिवस आलीच नाही. पोस्टात नवा मुलगा आलाय, पैसे दोनदोनदा मोजतो. आमसुलांना यंदा चारच पुटं दिली. फणस काढायला माणूस मिळेना, अर्धे माकडांनी खाल्ले. वरच्या घरच्या काकू मुलाकडे पुण्याला गेल्या, कुलूप आहे. काजवे खूप दिसतायत. मी पोळ्या लाटत 'हं, हं' म्हणते आणि शेवटी चिडते. त्या दिवशी म्हटलं, "आई, मुद्द्याचं बोल ना." त्यानंतरच्या रविवारी फोन आलाच नाही. माझं चुकलं का?

उत्तर : चुकलं का ते नंतर बघू, आधी तुझी यादी. तू ती आईविरुद्धचा पुरावा म्हणून लिहिलीस, पण इतकी बारीक लिहिलीस की माझं निम्मं काम तूच करून ठेवलंस.

आमसुलांपासून सुरू करते. कोकमाची सालं त्यांच्याच खारवलेल्या रसात बुडवायची, उन्हात घालायची, संध्याकाळी आत आणायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा उन्हात. सालं काळीभोर होऊन चांगला रस पिईपर्यंत हे चालतं. जिनं जन्मभर हे केलं ती बाई चार पुटांवर सहजासहजी थांबत नाही. थांबली असेल तर ताटं उचलून उन्हात नेणं-आणणं तिला जड जात असणार. गुडघा असेल, कंबर असेल, चक्कर येत असेल. मध्येच आभाळ आलं असंही असेल, पण मग तिनं आभाळाला दोन शिव्या घातल्या असत्या आणि त्याही तुझ्या यादीत आल्या असत्या! तेव्हा विचार तिला. "तब्येत कशी आहे?" असं नको, त्याला "बरी आहे" याच्यापुढे उत्तर मिळत नाही. "ताटं कुठे घातली होतीस? कोणी आत आणली?" असं विचार.

पंपाचं काम मात्र लगेच कर. हवा ओढत राहिला तर मोटर जळते. पाणी झिरपून साठू दे, मग थोडा वेळ चालव आणि लगेच बंद कर, एवढं तिला सांग. मासेवालीचं काळजीचं नाही. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंदच असते, या दिवसांत घरोघरी सुकंच शिजतं. मुंग्या, माकडं, एसटी यांतही मला फारसं काही दिसलं नाही. पोस्टातल्या मुलाबद्दल मात्र मला आणखी ऐकायला आवडेल.

आता खरी ओळ. ती तू काजव्यांच्या आधी, जाता जाता टाकलीस. वरच्या घरच्या काकू गेल्या. दुपारी भांडी आवरली की दोघी पडवीत बसत असतील, कोणी तांदूळ निवडत असेल, कोणी नुसतंच पान जुळवत. आणि मुंग्यांपासून एसटीपर्यंत सगळं रोजच्या रोज तिथंच खर्ची पडत असेल. आता त्या घराला कुलूप. मग आठवडाभराचं सगळं शिल्लक राहतं आणि रविवारी एकदम तुझ्या पदरात पडतं. हा माझा अंदाज. काकू कधी गेल्या आणि फोन कधीपासून लांबला, हे जरा ताडून बघ.

तुझा वैताग मला कळतो. आठवडाभर राबून रविवारी तासभर कान द्यायचा, हे कोणालाही जमणार नाही. पण पोळ्या लाटत ऐकलंस की तो वेळ अर्धा होत नाही, वाढतो. पलीकडून नुसतं 'हं' येतंय हे आईला कळतं, मग आपलं पोचलं की नाही म्हणून ती तेच पुन्हा घोळवते. त्यापेक्षा बुधवारी पंधरा मिनिटं तूच फोन कर, हात रिकामे ठेवून. रविवारचा आपोआप आटोपता होईल. आणि तुझंही काही सांग. ऑफिसात कोण कोणाशी बोलत नाही, भाजी काय भावानं आणलीस, खालच्या मजल्यावर रात्री कसला आवाज होता. तुझ्या यादीत सगळं आईचं आहे, तू काय बोललीस त्याची एकही ओळ नाही.

तिला स्मार्टफोन घेऊन दे, कुटुंबाच्या ग्रुपवर घाल, असं सांगणारे भेटतील. ग्रुपवर सकाळची फुलं येतात, त्यांना काय उत्तर द्यायचं? फोन दे, पण पहिल्यांदा पुण्याच्या काकूंना व्हिडिओ कॉल लावून दे. दोघी बोलतायत तोवर तू बाहेर जाऊन बस.

आता तुझा प्रश्न. हो, ते वाक्य तिला लागलं असणार. पण माफीचं भाषण नको, आपल्या आयांना त्यानं अवघडायला होतं. "आई, त्या आमसुलांचं पुढे काय झालं?" म्हणून फोन लाव. ती आधी "जेवलंस काय गो?" विचारेल, त्याचं नीट उत्तर दे. आणि तब्येतीचं "गणपतीत जाऊ तेव्हा बघू" यावर ढकलू नकोस. याच महिन्यातला एक शनिवार काढ आणि तिला डॉक्टरांकडे घेऊन जा.