पोट फुगतं, पण सुट्टीच्या दिवशी नाही

"सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत, तरी पोट गच्च!" ही तक्रार माझ्याकडे सतत येते. तिच्या मागोमाग येतं, "घरच्यांना वाटतं, मी नाटक करतेय." नाटक नसतंच ते. पोट खरोखर फुगतं.

अशीच एक नोकरदार बाई (ओळख पटेल असे तपशील बदललेत). दूध बंद, कडधान्यं बंद, कांदा-लसूण बंद, शेवटी दुपारचं जेवणही बंद. तरी संध्याकाळी कमरेचं बटण लागत नसे. मीटिंगमध्ये आवाज होईल या धास्तीने ती गॅस दाबून धरायची.

"सुट्टीच्या दिवशी?" मी विचारलं.

"तेव्हा नाही होत एवढं. आणि मॅडम, तेव्हा तर मी सगळं खाते!"

मी समुपदेशक, पण विचारांच्या आधी श्वास बघणाऱ्यांतली. तिला मीटिंगचं वर्णन करायला सांगितलं. दर दोन वाक्यांमागे ती आवंढा गिळत होती. खांदे वर, श्वास छातीतच अडकलेला. मध्येच थांबवून म्हटलं, "पोटावर हात ठेवा. काय जाणवतंय?"

"श्वास खालपर्यंत जातच नाहीये." बराच वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "मी हवा गिळतेय का?"

हे तिचं तिला उमगलं, याचा मला आजही आनंद आहे. मी सांगितलं असतं, तर पथ्यांच्या यादीत आणखी एकाची भर पडली असती, एवढंच.

निरोगी माणूसही दिवसातून दहा-वीस वेळा गॅस सोडतो. फुगण्याची तक्रार असलेल्या अनेकांच्या आतड्यात गॅस इतरांपेक्षा फार जास्त नसतो, पण तेवढाही त्यांना टोचतो. त्यात छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खाली दाबला जातो, पोटाचे स्नायू सैल सुटतात आणि पोट पुढे येतं.

म्हणून आधी घास सावकाश चावा. च्युइंगम आणि फसफसणारी पेयं कमी करा. जेवल्यावर थोडं चाला. पाठ टेकून बसा आणि श्वास पोटापर्यंत जाऊ द्या. सोडताना घ्यायला लागला त्याहून जास्त वेळ लावा. गॅस दाबू नका, सरळ उठून बाहेर जा. बंद केलेले पदार्थ एकेक करून परत सुरू करा. सगळे एकदम सुरू केलेत, तर कशाने त्रास झाला ते कळणार नाही.

वजन आपोआप घटणं, शौचातून रक्त, ताप, वारंवार उलट्या, दुखण्याने रात्री जाग येणं, यातलं काही असेल किंवा पन्नाशीनंतर हा त्रास नव्यानेच सुरू झाला असेल, तर माझ्याकडे नको, आधी डॉक्टरांकडे. बाईचं पोट आठवडेच्या आठवडे फुगलेलं राहत असेल, तर अंडाशयाची तपासणीही करून घ्यायला हवी.

ती आता दुपारी नीट जेवते, मीटिंगच्या आधी न लाजता टॉयलेटला जाऊन येते. कडधान्यं, कांदा, लसूण परत आलेत. दूध मात्र तिला खरंच सोसत नाही, ते बंदच आहे.